हलकी रिव्हॉल्व्हर घ्या म्हणता, पण ती चालवून कुठं पाहायची?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी उमरेड रोडवर पेट्रोल पंप चालवते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आमचे हे गेले आणि तेव्हापासून पंप, पोरं, टँकर, बँक सगळं माझ्याच अंगावर आहे. माझ्याकडे रिव्हॉल्व्हरचं लायसन्स आहे आणि हे पत्र त्याबद्दलच आहे, म्हणून खाली माझं नाव छापू नये ही विनंती, कोणाच्या घरी हत्यार आहे हे चार लोकांना कळणं यासारखा धोका नाही.

मागच्या महिन्यात माझ्या भाचीचा फोन आला. तिचं इतवारीत दागिन्यांचं दुकान आहे, तिला नुकतंच लायसन्स मिळालं आणि ती मला विचारून राहिली होती की मावशी, सगळ्यात हलकी अन् सगळ्यात छोटी कोणती येते गं, पर्समध्ये मावली पाहिजे बस. मी म्हटलं तुला हे कोणी सांगितलं की हलकीच पाहिजे, तर म्हणे दुकानवालाच म्हणाला, लेडीजसाठी आहे तर हलकीच घ्या ताई. अगदी हेच वाक्य मला पण तीन वर्षांपूर्वी ऐकवलं होतं, आणि तेव्हा मी ते ऐकून पैसे भरायच्या बेतात होते. म्हणून ठरवलं की जे मला उशिरा कळलं ते लिहून टाकावं, नागपुरात आणखीही बाया असतील ज्यांना हाच सल्ला मिळून राहिला असेल.

आमच्या यांच्याकडे जुनी .३२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्व्हर होती, कानपूरच्या फॅक्टरीची, पूर्ण स्टीलची, सातशे ग्रॅमच्या आसपास. ते गेल्यावर ती नियमाप्रमाणे जमा करावी लागली, कारण लायसन्स माणसाच्या नावावर असतं, माणूस गेला की घरात ती ठेवणं गुन्हाच आहे, हे खूप घरांत माहीत नसतं आणि कपाटात तशीच पडून राहते. वारस म्हणून मी स्वतःच्या नावाने अर्ज केला. शहरात लायसन्स पोलीस आयुक्त देतात, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकारी. कागदपत्रं, पोलीस व्हेरिफिकेशन, मेडिकल, हत्यार सुरक्षित कसं हाताळायचं त्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, हे सगळं झालं. लायसन्स हातात आलं आणि मग प्रश्न उभा राहिला की यांचीच जुनी ठेवायची का विकून नवी हलकी घ्यायची.

दुकानदार एकदम ठाम होता. ही जड आहे ताई, तुमच्याने नाही पेलणार, टायटॅनियमवाली घ्या नं, निर्भीक, पाचशे ग्रॅमच्या आसपास आहे, खास महिलांसाठीच काढली आहे. ते खरंच आहे, २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ती आणली तेव्हा दिल्लीच्या निर्भयाची आठवण म्हणूनच नाव ठेवलं होतं, किंमत १,२२,३६० रुपये होती आणि दागिन्याच्या डबीसारख्या मरून डबीत यायची. हेतू चांगलाच होता त्यात शंका नाही. पण मी काउंटरवर उभी राहून विचार करून राहिली होती की दोनशे ग्रॅमच्या फरकासाठी मी एवढे पैसे का मोजून राहिली, आणि हा माणूस मला फक्त हातात धरू देऊन राहिला, तेवढ्यावरून मी काय ठरवू. साडीचा रंग तरी उजेडात नेऊन पाहता येतो.

माझं नशीब चांगलं की ट्रेनिंग देणारे सर जुने फौजी होते आणि त्यांच्यासमोर शहराबाहेरच्या गोळीबाराच्या एका रेंजवर मला दोन्ही प्रकारच्या चालवायला मिळाल्या, एक स्टीलची आणि एक हलकी. सात मीटरवर पुठ्ठ्याचं टार्गेट लावलं होतं. आधी स्टीलची दिली, सहाच्या सहा गोळ्या कागदावर लागल्या, नीट मधे नाही पण कागदावर तर लागल्या. मग हलकी दिली. पहिली गोळी बरी गेली आणि दुसऱ्या गोळीच्या वेळेस मी ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटले, मनगट आपोआप खाली गेलं. सहातल्या तीन कागदाच्या बाहेर. सर काही रागावले नाहीत, फक्त म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही, वजन कमी केलं की झटका तुमच्याकडे येतो, तो दुसरीकडे कुठं जाईल.

हे मला नंतर त्यांनी नीट समजावलं आणि ते सगळ्यांनी समजून घ्यावं असं मला वाटतं. गोळी तीच, दारू तेवढीच, म्हणजे पुढे जेवढा जोर जातो तेवढाच मागे येतो. हत्यार जड असेल तर ते हळू मागे येतं, हलकं असेल तर जोरात येतं. सातशेच्या जागी पाचशे ग्रॅम केलं तर झटक्याची शक्ती जवळपास दीडपटीच्या आसपास जाते, नेमकी १.४ पट. आता .३२ चं काडतूस तसं मऊच आहे, १८९६ चं जुनं डिझाईन आहे ते, आपल्याकडे पुण्याच्या खडकी फॅक्टरीत बनतं, फार जोराचं नाही. ज्याचा हात बसलेला आहे त्याला फरक पडणार नाही. पण जी बाई आयुष्यात पहिल्यांदा हातात घेऊन राहिली, तिला पहिल्याच दिवशी दचकायची सवय लागली तर ती पुढे जाता जात नाही.

भाचीने मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून ठेवले होते. तिथे लोक चारशे-सव्वाचारशे ग्रॅमच्या अॅल्युमिनियम फ्रेमच्या पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरी खिशात ठेवतात, ही तिथली जुनी चाल आहे. पण त्या .३८ च्या असतात आणि आपल्याकडे .३८, ९ एमएम, .४५५ हे बोअर सामान्य लायसन्सवाल्याला मिळतच नाहीत, ते प्रोहिबिटेड आहेत. आपल्याला बहुतेक करून .३२ मधूनच निवडायचं असतं. म्हणून तिला म्हटलं ते व्हिडिओ बंद कर आधी, त्यांचं दुकान वेगळं आपलं दुकान वेगळं. आपल्याकडे आता २०२३ मध्ये आलेली प्रबल आहे, सरकारी कंपनीचीच, ६७५ ग्रॅम, ७६ मिलीमीटर नळी, आणि तिचा सिलिंडर (काडतुसं भरायचा गोल फिरता भाग) बाजूला उघडतो, जुनीसारखी मधातून मोडायची नाही. ईशापूरच्या फॅक्टरीची .२२ ची निडर आहे, ती तर अडीचशे ग्रॅमच्या आसपास. आणि हे सगळे आकडे रिकाम्या हत्याराचे असतात बरं, .३२ मध्ये सहा काडतुसं भरली की पन्नास-साठ ग्रॅम अजून वाढतात.

मग मी भाचीला काय विचारायला सांगितलं ते लिहिते.

एक तर ट्रिगर. रिव्हॉल्व्हर दोन तऱ्हेने चालते, अंगठ्याने हॅमर (मागचा घोडा) मागे ओढून ठेवला की ट्रिगर एकदम हलका होतो, आणि तसं न करता सरळ ट्रिगर दाबला तर तोच ट्रिगर सिलिंडर फिरवतो, हॅमर उचलतो आणि सोडतो, म्हणून तो लांब आणि जड लागतो. संकटात हात थरथरतात, तेव्हा हॅमर ओढून ठेवलेला हलका ट्रिगर हा स्वतःसाठी आणि दुसऱ्यासाठीही धोका आहे, नको तेव्हा गोळी सुटते. म्हणून शिकायचं ते जड ट्रिगरवरच. आता दुकानात रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्याने पाहून, दुकानदाराला विचारून, नळीचं तोंड भिंतीकडे करून दहा वेळा लागोपाठ तो जड ट्रिगर दाबून पाहा. सातव्या-आठव्या वेळेला बोट थकलं, नळी डावीकडे उजवीकडे हलायला लागली तर ती तुमच्यासाठी नाही, मग ती किती का हलकी असेना. माझ्या यांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर वर्षानुवर्षं चालून गुळगुळीत झालेला होता, हे मला तेव्हाच कळलं.

दुसरं मूठ. छोटी म्हणजे मूठ पण छोटी, करंगळी खाली लटकते. बाईचा हात छोटा म्हणून मूठ छोटी चालते असं सगळे म्हणतात पण पकडायला जेवढी बोटं जास्त तेवढा झटका कमी जाणवतो, हे कोणी सांगत नाही. आणि बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचतं का, का ओढून ताणून पोचवावं लागतं, हेही पाहायचं.

रिव्हॉल्व्हर का आणि पिस्तूल का नाही, हेही तिने विचारलं होतं. पिस्तुलाला स्लाईड (वरचा सरकता भाग) ओढावी लागते, त्याला हाताचा जोर लागतो, सेफ्टीचा खटका लक्षात ठेवावा लागतो, काडतूस अडकलं तर ते सोडवायचं शिकावं लागतं. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा ट्रिगर दाबायचा, पुढचं काडतूस समोर येतं. वर्षातून जिला दोनदा प्रॅक्टिस मिळणार तिला हेच बरं. माझं मत आहे, कोणाचं वेगळं असू शकतं.

आता मुख्य गोष्ट, ठेवायची कुठं. साहेब, होल्स्टर (हत्यार ठेवायचं म्यान) सगळे पुरुषांच्या पँटच्या पट्ट्यासाठी बनतात. आमच्या साडीला पट्टा नाही, सलवारला नाडा असतो. म्हणून बाया पर्समध्ये ठेवतात आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. पर्समध्ये किल्ल्या असतात, कंगवा असतो, पेन असतं, यातलं काहीही ट्रिगरच्या कड्यात घुसू शकतं. हॅमरचं टोक अस्तरात अडकतं. आणि आपल्या शहरात दुचाकीवरून येऊन पर्स ओढून नेणं काही नवीन नाही, पर्स गेली की हत्यार गेलं आणि ते कुठल्या हातात गेलं कोण जाणे. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे की बाहेर नेताना हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असलं पाहिजे, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्याच्यावर ताबा असला पाहिजे. म्हणजे लपवून ठेवणं ही काही हुशारी नाही, तो नियमच आहे, कमरेला दिसेल असं लावून लग्नात मिरवणारे नियम मोडून राहिले असतात. आणि लग्नात हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या सुधारणेनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ताबा म्हणजे काय, तर खुर्चीला लटकवलेली पर्स म्हणजे ताबा नाही, आणि स्कूटीच्या डिक्कीत ठेवून भाजी घ्यायला जाणं म्हणजे तर नाहीच नाही.

मी महालातल्या एका टेलरकडून जाड कॅनव्हासचा चार इंची पट्टा शिवून घेतला, कुर्त्याच्या आतून कमरेला बसतो, त्याच्यावर ट्रिगर पूर्ण झाकणारा कडक होल्स्टर. टेलरला फक्त माप दिलं, कशासाठी ते सांगितलं नाही. दोन-तीनदा उसवून पुन्हा शिवावा लागला. पर्समध्येच ठेवायची असेल तर त्या कप्प्यात दुसरं काही म्हणजे काहीच ठेवायचं नाही आणि तिथेही होल्स्टरमध्येच ठेवायची.

आणि नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात ४५ अंशात कमरेला काही बांधून पाहा म्हणजे कळेल. घामाने स्टीलला गंज चढतो, चामड्याचं होल्स्टर घाम पिऊन घेतं आणि तो गंज अजून वाढवतं. मी रोज रात्री घरी आल्यावर काडतुसं काढते, कोरड्या फडक्याने पुसते, थोडं तेल लावते, आणि लॉकरमध्ये ठेवते, काडतुसं वेगळ्या कप्प्यात. एका वर्षी जून महिन्यात मी आळस केला होता, आठ दिवसांत सिलिंडरच्या कडेला तांबूस डाग आले. टायटॅनियम किंवा अॅल्युमिनियमला हा त्रास कमी, हे हलक्याच्या बाजूने मी प्रामाणिकपणे सांगते.

हलकीच्या बाजूने अजून एक गोष्ट आहे आणि ती मोठी आहे. मी हत्यार अंगावर ठेवते ते रोज तास-दीड तास, पंपावरून कॅश घेऊन निघते तेव्हा. यूपीआय आल्यापासून कॅश कमी झाली तरी पंपावर अजून असते. दिघोरीच्या पुढे एका संध्याकाळी दोन मोटारसायकली माझ्या गाडीमागे बराच वेळ राहिल्या होत्या, मी गाडी सरळ चौकातल्या पोलिसासमोर नेऊन उभी केली आणि त्या निघून गेल्या. हत्याराला हातही लावला नाही आणि लावायची गरज पडू नये हेच मला वाटतं. पंपावर तर मी ते काढणारच नाही, जिथे पेट्रोलची वाफ असते तिथे गोळी म्हणजे काय हे सांगायला नको. तर तास-दीड तासासाठी सातशे ग्रॅम मला चालतात. भाची मात्र सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत दुकानात उभी, तिला तेच सातशे ग्रॅम संध्याकाळी दगडासारखे लागतील आणि मग ती महिन्याभरात ते घरीच ठेवायला लागेल. घरी ठेवलेलं हत्यार रस्त्यात कामाचं नाही.

म्हणून तिला मी एक काम सांगितलं, किचनचा काटा घे, दोन कापडी पिशव्यांत रेती भर, एक साडेपाचशे ग्रॅमची आणि एक साडेसातशेची, म्हणजे भरलेल्या हत्याराचं वजन झालं. एक आठवडा ही कमरेला बांधून दुकानात बस, दुसरा आठवडा ती. खाली वाक, तिजोरी उघड, स्कूटी चालव, जेवायला बस. तिने खरंच केलं. तिचं म्हणणं आलं की जड पिशवी चौथ्या दिवसानंतर कळेनाशी झाली पण खाली बसताना टोचते, म्हणजे तिचा त्रास वजनाचा नव्हताच, जागेचा होता. पट्टा दोन बोटं मागे सरकवला आणि टोचणं गेलं.

पण अर्धं उत्तर रेतीच्या पिशवीत मिळतं, उरलेलं अर्धं गोळी चालवल्याशिवाय मिळत नाही, आणि इथेच मला माझं खरं म्हणणं मांडायचं आहे. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट एकदा होतं. लायसन्स आता पाच वर्षांसाठी असतं. मधल्या पाच वर्षांत त्या बाईने किंवा त्या माणसाने एकदा तरी गोळी चालवली का हे कोणी विचारत नाही, आणि तिला चालवायची असली तरी कुठं चालवायची, शेतात जाऊन झाडता येत नाही, ते बरोबरच आहे. निवडणूक आली की आचारसंहितेत हत्यारं जमा होतात, २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या, माझं हत्यार दोन्ही वेळा जमा होतं, पावती घेतली, मला त्यात काही तक्रार नाही. पण परत आणलं तेव्हा ते माझ्याच हाताला परकं लागून राहिलं होतं.

आणि कायदा काय म्हणतो, स्वतःच्या जिवाच्या बचावाचा अधिकार आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर आधी तिकडे जायचं. हे ठरवायला दोन सेकंद मिळतात. ज्याच्या हाताला आपण कुठं मारतो आहोत हे माहीत नाही, ज्याचे डोळे ट्रिगर दाबताना मिटतात, तो माणूस इतवारीच्या गर्दीत काय करेल? चुकलेली गोळी कोणाच्या तरी लेकराला लागते साहेब. मला रात्री झोप येत नाही ती या विचाराने, चोरांच्या विचाराने नाही.

माझी मागणी एवढीच आहे की नागपूर शहरातल्या आणि ग्रामीणमधल्या लायसन्सवाल्यांसाठी वर्षातून निदान दोन दिवस रेंज उघडी करून द्यावी, पोलिसांच्या देखरेखीखाली, स्वतःचं हत्यार आणि स्वतःची काडतुसं घेऊन, आणि दर वेळेस उपस्थितीची नोंद व्हावी. नव्याने लायसन्स मिळालेल्याला विकत घ्यायच्या आधी एक जड आणि एक हलकी अशा दोन तरी रिव्हॉल्व्हर चालवून पाहता याव्यात. बायांसाठी सकाळची वेगळी बॅच ठेवली तर उत्तमच, माझ्या ओळखीच्या तिघी-चौघी तरी येतील. ज्यांनी वर्षभर हात लावला नाही त्यांना रिन्युअलच्या वेळेस पुन्हा ट्रेनिंग लावलं तरी माझी हरकत नाही, मला स्वतःला लावलं तरी नाही.

भाचीने अजून काही घेतलेलं नाही. लायसन्सवर हत्यार घ्यायची मुदत लिहिलेली असते, ती पुढच्या महिन्यात संपते, आणि ती रोज मला विचारते की मावशी, चालवून पाहायला कुठं मिळेल. फी जी असेल ती भरायला आम्ही दोघी तयार आहोत. आपल्या पेपरमधून हे संबंधितांपर्यंत पोचावं.

आपली एक वाचक,
उमरेड रोड, नागपूर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये)